गोष्ट सांगा, पुरावा राहू द्या

आपल्याकडचा गडकिल्ल्यांवरचा गाइड आणि जर्मन गाइड यांच्यात मुख्य फरक असा, की आपला गाइड गोष्ट सांगून झाली की टाळीसाठी थांबतो आणि जर्मन गाइड गोष्ट सांगून झाली की ती खोडून काढायला थांबते. रायगडावर टकमक टोकापाशी छत्रीची गोष्ट ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. महाराजांवर छत्र धरणारा सेवक वाऱ्याच्या झोतात छत्रीसकट उडाला आणि खाली निजामपुरात अलगद उतरला, म्हणून त्या गावाचं नाव छत्री निजामपूर. हे ऐकताना वाऱ्याचा वेग काय होता, छत्रीचा व्यास किती, असं विचारणाऱ्याला त्याच वाटेनं निजामपूरला धाडावं असं बाकीच्यांना वाटतं. न्यूरेम्बर्गमध्ये व्यास गाइडच सांगते. तोही कुणी न विचारता.

मुलगी शेजारच्या एरलांगेनला नोकरीला असल्यामुळे आम्हाला न्यूरेम्बर्ग घडलं. आम्ही दोघं आणि आमचे साडू भाऊसाहेब. भाऊसाहेबांच्या पत्नी, म्हणजे आमच्या ताई, यांचा गुडघा बोलायला लागल्यामुळे त्या नातवापाशी घरी थांबल्या. भाऊसाहेब नागपूरचे, पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. त्यांना या गावाबद्दल पहिल्या पाच मिनिटांतच जिव्हाळा वाटू लागला, कारण गाइडनं सुरुवातच अशी केली: "तुम्ही बव्हेरियात आहात असं तुम्हाला सांगितलं असेल. नकाशात ते बरोबर आहे. पण आम्ही फ्रांकन. आम्हाला १८०६ साली बव्हेरियाला जोडलं." 'जोडलं' हा शब्द तिनं ज्या सुरात उच्चारला, तो सूर विदर्भातल्या माणसाला भाषांतराशिवाय कळतो. भाऊसाहेबांनी खिशातून हात काढून तिला नमस्कारच केला.

गाइड साठीच्या पुढची. पांढरे आखूड केस, पायात डोंगर चढायचे बूट, पाठीला छोटी सॅक आणि हातात मिटलेली लाल छत्री, ती उंच धरून ती पुढे चालणार आणि आम्ही वीसएक देशोदेशीची माणसं मागे. साडेदहा म्हणजे साडेदहा. दहा एकतीसला एक जोडपं धापा टाकत आलं, तेव्हा ती तिसऱ्या वाक्यावर होती. तिनं त्यांना पहिली दोन वाक्यं पुन्हा सांगितली नाहीत.

हे गाव पायीच बघावं लागतं आणि पायी बघायला सोपंही आहे. भोवती तटबंदी, मूळची सुमारे पाच किलोमीटरची, तिच्यातली बरीचशी अजून उभी. मधून पेग्निट्झ नदी. दक्षिणेला सेंट लॉरेन्झचं चर्च, उत्तरेला सेंट झेबाल्डचं, आणि त्याच्याही वर टेकडीवर सम्राटांचा किल्ला. नदी ओलांडल्यावर चढ लागला की किल्ल्याकडे निघालो असं समजायचं. अडचण फक्त दगडी फरसाची. आपल्या पायांना खड्ड्यांची सवय असते; खड्डा हा अधूनमधून येतो आणि चुकवता येतो. इथे प्रत्येक दगड आपापल्या मतानं बसवलेला, आणि एकही हललेला नाही. हिनं मुद्दाम विकत घेतलेल्या मऊ तळव्यांच्या बुटांनी दुसऱ्याच चौकात हात टेकले.

लॉरेन्झच्या चर्चमध्ये वेदीच्या बाजूला आडाम क्राफ्टनं घडवलेला एक दगडी मनोरा आहे. पवित्र प्रसाद ठेवायची जागा ती. पंधराव्या शतकाच्या शेवटी केलेलं काम, सुमारे वीस मीटर उंच, छताशी पोचल्यावर टोक वेलीच्या शेंड्यासारखं वळवलेलं. आणि तळाशी, सगळं ओझं पाठीवर घेऊन, हातात छिन्नी-हातोडा धरून गुडघ्यावर बसलाय तो खुद्द आडाम क्राफ्ट. शिल्पकारानं स्वतःलाच आपल्या बांधकामाखाली बसवलंय. भाऊसाहेब त्या मूर्तीसमोर इतका वेळ उभे राहिले, की मला वाटलं त्यांना कलेचा साक्षात्कार झाला. बाहेर आल्यावर म्हणाले, "प्रत्येक धरणाच्या भिंतीखाली कंत्राटदाराला असं बसवायची अट निविदेत टाकायला पाहिजे होती. एकही गळलं नसतं."

बाजारचौकात पोचलो आणि गाइडचा खरा स्वभाव कळला. चौकाच्या कडेला सुंदर कारंजं आहे. त्याचं नावच 'सुंदर कारंजं', जर्मन माणसाला जे दिसतं ते नाव द्यायची सवय. सुमारे एकोणीस मीटर उंच, सोनेरी, चाळीस पुतळ्यांचं. भोवतीच्या लोखंडी जाळीत एक पितळी कडं अडकवलेलं आहे, सांधा कुठे दिसत नाही. गाइडनं फार रंगवून गोष्ट सांगितली. कारागिराच्या मुलीवर त्याच्या शिकाऊ पोराचं प्रेम, बाप नाही म्हणाला, बाप गावाला गेल्यावर पोरानं एका रात्रीत हे कडं जाळीत बसवलं आणि निघून गेला. बापानं परत येऊन पाहिलं, असं काम आपल्यालाही जमलं नसतं हे त्याला कळलं. पण तोवर पोरगा गेला तो गेलाच. म्हणून हे कडं फिरवून मनात इच्छा धरावी, ती पुरी होते. आमच्यातल्या अर्ध्या बायका जाळीकडे सरकल्या. तेवढ्यात गाइड म्हणाली, "आता वस्तुस्थिती. कारंजं चौदाव्या शतकातलं, पण हे ते नव्हे. मूळचं झिजलं म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही प्रतिकृती केली. उरलेले मूळ तुकडे संग्रहालयात आहेत, तिकीट वेगळं."

सरकलेल्या बायका थबकल्या. "आणखी एक," गाइड म्हणाली, "गावातले लोक सांगतात की पितळी कडं पाहुण्यांसाठी आहे, खरं कडं पलीकडचं, लोखंडी. त्यालाही पुरावा नाही." हिनं शांतपणे दोन्ही कडी फिरवली. पुरावा दोन्हीला सारखाच नव्हता, तेव्हा एकाचाच पक्ष का घ्या?

दुपारी बाराला याच चौकातल्या चर्चच्या दर्शनी भिंतीवरचं घड्याळ जागं होतं. सम्राट चौथा कार्ल बसलेला आणि सात निर्वाचक सरदार दारातून बाहेर पडून त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारतात. १३५६ साली सम्राटाची निवडणूक कुणी आणि कशी करायची याचा कायदा झाला, त्याची ही आठवण. घड्याळ सोळाव्या शतकाच्या आरंभाचं. पाच शतकं हे सात जण रोज मत द्यायला येतात आणि पक्ष न बदलता परत जातात, या गोष्टीचं आमच्या तिघांइतकं कौतुक त्या गर्दीत कुणालाच वाटलेलं दिसलं नाही. सगळे मोबाइल वर धरून उभे होते. फेऱ्या संपल्यावर गाइडनं आवाज न चढवता सांगितलं, की हे चर्च जिथे उभं आहे तिथे ज्यूंचं प्रार्थनामंदिर होतं. चौकासाठी जागा हवी होती. १३४९ मध्ये याच सम्राटाच्या संमतीनं वस्ती पाडली गेली आणि पाचशेहून जास्त माणसं मारली गेली. हे मात्र तिनं खोडलं नाही. "याचे कागद आहेत," म्हणाली आणि छत्री उचलून चालू लागली.

मधल्या सुटीत जेवण. न्यूरेम्बर्गचं सॉसेज म्हणजे आपल्या करंगळीएवढं: लांबी सात ते नऊ सेंटिमीटर, वजन वीस ते पंचवीस ग्रॅम, आणि हे माप नियमानं ठरलेलं. गावाबाहेर केलेल्या सॉसेजला हे नाव लावता येत नाही; युरोपीय संघाचं संरक्षण आहे त्याला. एवढं बारीक का, तर म्हणे रात्री वेशी आणि खानावळी बंद झाल्यावर कुलपाच्या भोकातून गिऱ्हाइकाला देता यावं म्हणून. गोष्ट छानच आहे. पण गाइडचा घास खाली उतरला आणि ती म्हणाली, "जास्त पटण्याजोगं कारण असं, की मांस महाग झालं. दर्जा आणि भाव तोच ठेवायचा तर आकार कमी करायला हवा." म्हणजे आपल्या बिस्किटाच्या पुड्याचं जे झालं तेच, फक्त चारशे वर्षं आधी आणि उघडपणे.

त्यावर तिनं आणखी एक गोष्ट काढली. एका खानदानी माणसाला आजन्म कैद झाली. त्यानं एकच सवलत मागितली: रोज दोन सॉसेज. अडतीस वर्षं तो तुरुंगात होता आणि मरेपर्यंत त्यानं अठ्ठावीस हजार सॉसेज खाल्ली, असं म्हणतात. भाऊसाहेबांनी कागदी रुमाल पुढे ओढला, खिशाचं पेन काढलं. "अडतीस गुणिले तीनशे पासष्ट गुणिले दोन. सत्तावीस हजार सातशे चाळीस. लीप वर्षांचे जास्तीत जास्त दहा दिवस धरा, आणखी वीस. दोनशे चाळीस कमी पडतात." दुसरा कुणी गाइड असता तर त्या रुमालाला हसून पुढे गेला असता. आमच्या गाइडनं सॅकमधून वही काढली, आकडे उतरवून घेतले आणि भाऊसाहेबांशी हस्तांदोलन केलं. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या सरकारी नोकरीत त्यांच्या हिशेबाचं एवढं चीज कुणी केलं नव्हतं.

शाकाहारी माणसाचं इथे काय होतं ते हिला विचारावं. जून लागला होता, म्हणजे पांढऱ्या ॲस्पॅरॅगसचे दिवस. ते चोवीस जूनला संपतात, मग माणसं वर्षभर त्याची आठवण काढतात. गावाच्या उत्तरेला 'लसणाचा मुलूख' नावाचा भाजीपाल्याचा पट्टा आहे, तिथून ते ताजं येतं. मुलीनं आधीच सांगून ठेवलं होतं की ही आपल्या शतावरीची जात. त्यामुळे ताटात पाच पांढऱ्या कांड्या, उकडलेले बटाटे आणि लोण्याचा रस्सा आल्यावर हिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की आपण बाळंतीण नाही हे या लोकांना कुणीतरी सांगा. "भात मिळेल का?" तिनं विचारलं. वेटरनं मनापासून विचार केला आणि बटाट्याचा उकडलेला गोळा आणून दिला.

नदीवरच्या लाकडी छपराच्या पुलापाशी गाइडला खोडण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती तिथे जास्तच खुलली. पुलालगतच्या मनोऱ्यात आणि नदीवरच्या घरात गावाचा जल्लाद राहायचा, कारण शेजार द्यायला कुणी तयार नसे. त्यांतला फ्रान्झ श्मिट १५७८ पासून १६१७ पर्यंत नोकरीत होता. त्यानं रोजनिशी ठेवली: कुणाला, कशासाठी, कशा रीतीनं. साडेतीनशेहून अधिक माणसं त्याच्या हातून गेली. बिअरच्या या गावात तो दारूला शिवत नसे. फावल्या वेळात वैद्यकी करायचा. हाडं, सांधे, स्नायू कुठे असतात याचं ज्ञान त्याच्याइतकं कुणाला असणार? निवृत्तीनंतर तेच पूर्ण वेळ केलं, आणि १६२४ मध्ये थेट सम्राटाकडे अर्ज करून आपली आणि मुलाबाळांची अब्रू परत मिळवली. भाऊसाहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "राहायला क्वार्टर, जोडधंदा, आणि वर अर्जाचा निकाल हयातीत," ते म्हणाले. "बाप्पा, नोकरी वाईट नव्हती." 

तिथून थोडं पुढे गेलं की एक निवांत त्रिकोणी चौक. १८२८ च्या मे महिन्यात इथे सोळाएक वर्षांचा एक पोरगा सापडला, हातात चिठ्ठी, तोंडात मोजके शब्द. त्याचं नाव कास्पर हाउजर. आपण अंधाऱ्या खोलीत एकटेच वाढलो असं तो सांगे. पाच वर्षांनी आन्सबाखमध्ये भोसकल्याची जखम होऊन तो मेला. तो बाडेनच्या राजघराण्यातला चोरून नेलेला राजपुत्र होता, यावर पुस्तकं झाली, नाटकं झाली, सिनेमे झाले. आमच्या घोळक्यातल्या अमेरिकन बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. गाइडनं त्यांना पुसायला वेळ दिला आणि मग सांगितलं, की २०२४ साली केसांच्या जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं, त्याचा बाडेनच्या घराण्याशी संबंध नाही. अमेरिकन बाई संतापल्या. दोनशे वर्षं जपलेला राजपुत्र भर चौकात असा काढून घेणं बरं नव्हे, हे माझंही मत. एवढी विहीर, किल्ला, तट यांची डागडुजी करतात, तशी एखाद्या अफवेचीही करावी.

विहिरीवरून आठवलं. किल्ल्यात खडकात खोदलेली सुमारे पन्नास मीटर खोल विहीर आहे. वेढा पडला तर पाण्याचा आधार तोच. तिथली गाइड भांड्यातून पाणी सोडते आणि सगळे श्वास रोखून आवाजाची वाट बघतात. मग जळत्या मेणबत्त्यांचं ताट खाली सोडतात आणि ते उतरत उतरत ठिपक्याएवढं होतं. लोक 'वाव' म्हणत असताना भाऊसाहेब घड्याळ बघत होते. "खोली बरोबर सांगतात," त्यांनी मला कानात सांगितलं. गाइडवर गाइड नेमायची गरज असती तर मी त्यांचंच नाव सुचवलं असतं.

तटाच्या कठड्यावर घोड्याच्या टापांच्या खुणा दाखवतात. एपेलाइन फॉन गाइलिंगेन नावाचा दरोडेखोर सरदार होता. फाशी द्यायला आणलं, शेवटची इच्छा विचारली, तर म्हणाला घोड्यावर एकदा बसू द्या. बसला, आणि तटावरून खंदक ओलांडून पसार. तेव्हापासून शेजारची गावं न्यूरेम्बर्गकरांना चिडवतात, की हे लोक कुणालाही पकडल्याशिवाय फाशी देत नाहीत. आम्ही खंदकात वाकून पाहिलं. असा घोडा दोन्ही देशांत जन्मला नसणार. पण खूण स्पष्ट होती, आणि शतकानुशतकं बोटं फिरून गुळगुळीतही झालेली. "आपल्याकडे असती तर शेंदूर लागला असता आणि समोर नारळाचं दुकान निघालं असतं," ही म्हणाली. गाइडनं निकाल दिला: "१३८१ मध्ये तो पकडला गेला आणि नॉयमार्क्टला मारला गेला. फाशी नाही, चाकावर. उडीबद्दल कागद नाहीत."

किल्ल्याच्या गच्चीवरून सगळं गाव दिसतं. उतरती लाल छपरं, मधून दोन चर्चचे मनोरे. कॅमेरे निघाले. "तुम्ही ज्याचे फोटो काढताय ते मध्ययुगीन नाही," गाइड म्हणाली. २ जानेवारी १९४५ च्या रात्री बॉम्बवर्षावात जुन्या गावाचा सुमारे नव्वद टक्के भाग गेला, सुमारे अठराशे माणसं गेली. नंतर लोकांनी जुन्याच गल्ल्यांच्या आखणीवर, जुन्याच उताराची छपरं घालून गाव पुन्हा उभं केलं. एखादी चामडेवाल्यांची गल्ली मूळ स्वरूपात वाचली, तिथे ती प्रत्येक घरावर हात ठेवून "हे खरं" असं सांगत गेली होती. कुणीतरी हिटलरच्या सभांच्या मैदानाबद्दल विचारलं. तो दौरा वेगळा, ट्रामनं जावं लागतं, आणि त्या दौऱ्यात गोष्टी नसतात, एवढंच बोलली. पुढे थोडं थांबून म्हणाली, "त्या मैदानावर लाखो लोक गोष्टच ऐकायला जमायचे. पुरावा कुणी मागितला नाही." मग आम्ही खाली उतरलो, आणि मी तिच्या वहीकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहू लागलो.

शेवटचा मुक्काम आल्ब्रेख्त ड्यूरर. त्याच्या घरासमोरच्या चौकात एक ब्राँझचा ससा आहे. ड्यूररनं १५०२ मध्ये काढलेला नाजूक ससा जगप्रसिद्ध. त्याला वंदन म्हणून १९८४ साली बसवलेला हा ससा रेड्याएवढा, डोळे खोबणीबाहेर, खोक्यातून फुटून आल्यासारखा. लहान मुलं त्याच्यावर चढतात आणि उतरल्यावर रडतात. मूळ चित्र कुठे आहे? व्हिएन्नात. त्याचं ते केसाळ कोटातलं प्रसिद्ध आत्मचित्र? म्युनिकला. ड्यूरर या घरात १५०९ पासून १५२८ मध्ये मरेपर्यंत राहिला, घर युद्धातून बऱ्यापैकी वाचलं, पण भिंतींवरची मोठी चित्रं नकला आहेत आणि तसं पाटीवर लिहिलेलंही आहे.

यामागची एक गोष्ट गाइडनं खुर्चीवर बसून सांगितली, म्हणजे ती खरी असणार. ड्यूररनं चार प्रेषितांचं चित्र १५२६ मध्ये नगरसभेला भेट दिलं. खाली बायबलमधली वचनं, ल्यूथरच्या भाषांतरातली. शंभर वर्षांनी, १६२७ मध्ये, बव्हेरियाच्या माक्सिमिलियाननं ते मागितलं. नाही म्हणायची सोय नव्हती. नगरसभेनं डोकं लढवलं: मूळ चित्राबरोबर एक चांगली नक्कलही पाठवली. माक्सिमिलियान कट्टर कॅथलिक, ती वचनं बघून चिडेल, मूळ परत करेल आणि नक्कल ठेवून घेईल. माक्सिमिलियाननं वचनांची फळी करवतीनं कापली, ती आणि नक्कल न्यूरेम्बर्गला परत पाठवली आणि चित्र ठेवून घेतलं. भाऊसाहेबांनी टेबलावर मूठ आपटली. जोडल्यावर काय काय होतं हे त्यांना माहीत होतं.

आणि मग गेंडा. लाकडी ठशावर कोरलेला, १५१५ चा, ड्यूररचं बहुधा सगळ्यांत जास्त छापलेलं चित्र. अंगावर चिलखताच्या पत्र्यांसारखे पत्रे, पायांना खवले आणि खांद्यावर एक जास्तीचं शिंग. ड्यूररनं गेंडा आयुष्यात पाहिला नव्हता. लिस्बनहून आलेल्या एका पत्रावरून आणि कच्च्या रेखाटनावरून त्यानं तो काढला, आणि जवळजवळ तीनशे वर्षं युरोपभर गेंडा म्हणजे हाच, असं धरून चालले. शास्त्राच्या पुस्तकांतसुद्धा ते खांद्यावरचं शिंग होतं.

"हा भारतातून आला," गाइड आमच्याकडे बघून म्हणाली. गुजरातच्या सुलतानानं तो पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला दिला आणि आल्बुकर्कनं जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजावर चढवला. मे महिन्यात तो लिस्बनला पोचला. पुढे राजानं तो पोपला भेट म्हणून धाडला, तेव्हा इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळदंडासकट तोही. गोव्याहून निघाला म्हटल्यावर आमच्यात एकदम आपला माणूस गेल्याची कळा आली. भाऊसाहेबांनी टोपी काढली.

"एवढे महिने बोटीवर खायला काय घालत होते त्याला?" हिनं विचारलं.

गाइड जरा घुटमळली. "गवत, पेंढा आणि शिजवलेला भात, असं लिहिलेलं आढळतं. मी स्वतः मूळ कागद पाहिलेला नाही."

"भात," ही म्हणाली. मग आम्हा दोघांकडे वळून मराठीत: "समुद्रात, बोटीवर, पाचशे वर्षांपूर्वी. गेंड्याला. भात."

"कागद पाहिलेला नाही म्हणतेय ती," मी म्हणालो.

"पाहायचाय कशाला? गोव्याहून निघाला होता ना? मग भातच."

भाऊसाहेबांनी तोवर प्रवेशिकेची मागची कोरी बाजू वर करून घेतली होती. "गेंड्याचं वजन साधारण दोन टन धरा," ते इंग्रजीत सुरू झाले, "प्रवास चार महिन्यांचा..." आणि गाइडनं पुन्हा सॅकमध्ये हात घातला, वहीसाठी.